सुकाणूचे गाव दिवाडी

जबलपूरला गेलेला मराठी प्रवासी भेडाघाटची नाव सहसा चुकवत नाही. धुवांधारचे तुषार अंगावर घेऊन झाले, चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्या चढून झाल्या, की पावले आपोआप पंचवटी घाटाकडे वळतात. नाव पाण्यात सरकते आणि दोन्ही बाजूंनी संगमरवरी कडे उभे राहतात. कुठे पांढरे, कुठे पिवळसर, कुठे निळसर झाक असलेले. नावाडी यमक जुळवत, चिमटे काढत खडकांची वर्णने ऐकवतो. 'बंदरकूदनी' जवळ आली की मान वर करून सगळे बघतात. कधीकाळी माकडे या काठावरून त्या काठावर उड्या मारत, इतके हे कडे जवळ होते, अशी तिथली आख्यायिका.

या सगळ्या गमतीत एका गोष्टीकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. नाव वळते कशी? एका बाजूचे वल्हे जोरात मारायचे आणि दुसऱ्या बाजूचे थांबवायचे किंवा उलटे मारायचे, की नाव कड्यापासून दूर होते. वल्हे सैल झाले, दोरी झिजली, लाकडाला चीर पडली, तर ती नावाड्याच्या हाताला कळते आणि समोर बसलेल्या प्रवाशालाही दिसते. पावसाळ्यात नर्मदा फुगते आणि ही नौकाफेरी बंद होते. तेवढे शहाणपण काठावरच्या माणसांत पिढ्यान्‌पिढ्या आहे.

समुद्रावर जाणाऱ्या शिडाच्या नौकेची गोष्ट वेगळी. तिथे हातात असते एक चकचकीत चाक. ते चाक एका खांबावर बसवलेले असते आणि चाकापासून पाण्यातल्या सुकाणूपर्यंतचे बाकी सगळे काही त्या खांबाच्या पोटात आणि डेकच्या खाली दडलेले असते. चाक फिरते आहे म्हणून सारे ठीक आहे, असे मानून वर्षानुवर्षे जातात. मग एके दिवशी भर समुद्रात चाक गरगर फिरते आणि नौका वळत नाही. या दडलेल्या यंत्रणेची कहाणी समजून घ्यायला नर्मदा सोडून मांडवीवर यावे लागते, कारण अलीकडच्या काळात जगप्रदक्षिणा केलेल्या भारतीय नौका तिथल्या एका बेटावर जन्मल्या.

फेरीबोटीने बेटावर

पणजीहून जुने गोवे सुमारे दहा किलोमीटर. बॉम जेझूस आणि सी कॅथेड्रल पाहून पर्यटकांच्या बसगाड्या परत फिरतात. पण व्हाइसरॉयच्या कमानीखालून तसेच सरळ नदीकडे उतरले, की फेरीबोटीचा धक्का लागतो. सपाट तोंडाची, लोखंडी फळी खाली टाकणारी फेरीबोट. तीत शाळेची मुले चढतात, मासळीच्या टोपल्या चढतात, स्कूटर चढतात. काही मिनिटांत पलीकडचा काठ येतो. हे दिवाडी बेट. रायबंदरहून आणि पलीकडे नार्वेहूनही इथे फेरीबोटीने येता येते.

बेटावर घाई कुणालाच नसते. खाजणातली भातशेती, बांधावरून जाणारे अरुंद रस्ते, उतरत्या कौलांची जुनी घरे, आणि टेकडीवर पिएदादचे पांढरे चर्च. तिथून मांडवीचे पात्र आणि जुन्या गोव्याचे मनोरे एका नजरेत येतात. ऑगस्टमध्ये इथे बोंदेराचा उत्सव असतो. मराठी माणसाला या बेटाची आणखी एक ओळख हवी. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे इथले. पोर्तुगीजांच्या काळात मंदिर उद्ध्वस्त झाले, देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये करवला. दिवाडी पाहून नार्व्याचा घाट चढला, तर एका दिवसात दोन्ही होते.

याच बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा 'अक्वेरियस' हा नौका बांधण्याचा कारखाना. फायबरग्लासच्या होड्या बांधणाऱ्या या कारखान्याने सात समुद्र ओलांडणारी शिडाची नौका त्यापूर्वी कधी बांधली नव्हती. ती बांधायची कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. नौदलातून निवृत्त होऊन फलटणजवळ विंचुर्णीला राहणाऱ्या आवटींच्या मनात एकच ध्यास होता: एका भारतीयाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. माणूस मिळाला, कमांडर दिलीप दोंदे. नौकेचा आराखडा हॉलंडमधल्या व्हॅन डी स्टाट यांच्या कार्यालयाचा, लांबी ५६ फूट. लाकडाच्या पट्ट्यांवर फायबरग्लास चढवून ती उभी राहिली आणि फेब्रुवारी २००९मध्ये नौदलात दाखल झाली. नाव ठेवले 'म्हादेई'. मांडवीचेच वरच्या अंगाचे नाव म्हादई. नदीने आपले नाव देऊन लेक समुद्राला पाठवली, असे गोव्यात म्हटले तर वावगे होणार नाही.

१९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. फ्रिमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन या चार बंदरांत ते थांबले. पुढे अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात कुठेही न थांबता फेरी मारली. नौका एकच, पण मधल्या काळात तिच्या अंगाखालून हजारो मैल पाणी गेलेले. पुढे हा आकडा एक लाख सागरी मैलांच्या वर गेला. माणसे बदलतात, त्यांचे सत्कार होतात. नौका मात्र तीच राहते, आणि तिचे वय सगळ्यात आधी चाकाच्या त्या खांबात दिसू लागते.

खांबाच्या पोटात

चाकाने चालणाऱ्या शिडाच्या नौकांत सुकाणूची रचना अनेक प्रकारची असते. कुठे लोखंडी दांडे, कुठे तेलाच्या दाबाची नळी. पण जुन्या नौकांत सर्वाधिक आढळणारी रचना साखळी आणि तारेची, आणि ती समजायला सायकल पाहिलेली पुरे. चाकाच्या आसावर एक दातेरी चकती असते. तिच्यावर सायकलसारखी साखळी. साखळीच्या दोन्ही टोकांना स्टेनलेस स्टीलच्या तारा. या तारा खांबातून खाली उतरतात, कप्प्यांना वळसा घालून नौकेच्या मागच्या भागाकडे जातात आणि सुकाणूच्या उभ्या दांड्यावर बसवलेल्या, कापलेल्या भाकरीच्या चतकोरासारख्या दिसणाऱ्या तुकड्याला दोन बाजूंनी ओढतात. त्याला क्वाड्रंट म्हणतात. चाक उजवीकडे फिरवले की एक तार ओढली जाते, दुसरी सैल सुटते, क्वाड्रंट वळतो आणि त्याबरोबर पाण्यातले पाते. खांबाच्या माथ्यावर होकायंत्र, आणि बऱ्याच नौकांत बाजूला इंजिनाचे दोन दांडे: एक गिअरचा, एक वेगाचा.

तपासणी सुरू होते ती हत्याराने नव्हे, कानाने. बंदरात नौका स्थिर असताना चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचे आणि ऐकायचे. कुरकुर, टकटक, मध्येच अडल्यासारखे वाटणे, ही सगळी खांबाची तक्रार असते. मग एकाने चाक घट्ट धरायचे आणि दुसऱ्याने खाली उतरून क्वाड्रंट हाताने हलवून बघायचा. चाक हलत नाही पण क्वाड्रंट हलतो आहे, याचा अर्थ मध्ये कुठेतरी झीज आहे. सुकाणूच्या दांड्यावर क्वाड्रंट पकडून ठेवणारे बोल्ट ढिले झालेले असतात, किंवा तारा सैल पडलेल्या असतात. हे पाहताना एक नियम कधी मोडायचा नाही. खाली कुणी हात घातलेला असताना वर चाकाला कुणी स्पर्श करायचा नाही. कप्पी आणि तारेच्या मध्ये सापडलेले बोट वाचत नाही. म्हणून जाणते लोक आधी चाक दोरीने बांधतात.

खांब उघडायचा तर होकायंत्र उचलावे लागते. ते कसे बसले होते याची खूण आधी करून ठेवायची, नाहीतर परत बसवताना अंशभर फिरते आणि पुढच्या प्रवासात तो अंश मैलोन्‌मैल चुकवतो. आत विजेरीचा झोत टाकला, की पहिली नजर साखळीवर. गंज आहे का, एखादी कडी ताठरली आहे का, साखळी आणि तार यांना जोडणारी पिन जागेवर आहे का. साखळीला साधे इंजिन ऑइल पुरते. कपड्याला थोडे तेल लावून पुसायची, थबथबीत करायची नाही. आसाच्या बेअरिंगला तेल हवे, पण चाक अडवून धरणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांना मात्र तेलाचा थेंबही लागता कामा नये. हौशी माणूस इथेच चुकतो. सगळीकडे तेल घातले की देखभाल झाली, अशी त्याची समजूत असते.

तारांची परीक्षा मजेशीर आहे आणि ती घरातल्या कुणालाही जमेल. तार ही अनेक बारीक धाग्यांची वेणी. जुनी होऊ लागली की एखादा धागा तुटतो आणि त्याचे टोक बाहेर येते. डोळ्याला ते दिसत नाही, बोटाला मात्र रक्त काढल्यावर कळते. म्हणून तारेवर पातळ कागदाचा बोळा किंवा मलमलीचा तुकडा धरून तो हलकेच पुढे सरकवायचा. जिथे अडकला, तिथे धागा तुटला आहे. एक धागा तुटलेली तार बदलायची. उरलेल्या धाग्यांच्या भरवशावर राहायचे नाही. तुटते ती बहुधा कप्पीवर वळणाऱ्या भागात, कारण तोच भाग लाखो वेळा वाकतो आणि सरळ होतो. पाच वर्षे झालेली तार काढून पूर्ण तपासावी, हा जाणकारांचा सल्ला. बाहेरून ती नव्यासारखी लखलखत असली तरी.

कप्प्यांकडे पाहताना त्यांच्या खाली पाहावे. तिथे धातूची बारीक भुकटी पडलेली दिसली, तर कप्पी तारेच्या रेषेत नाही आणि तार तिला कातरते आहे. कप्पीची बैठक ज्या लाकडावर किंवा फायबरग्लासवर आहे, ती भेगाळली आहे का हेही पाहायचे. तारेचा ताण किती? सतारीच्या तारेसारखी झणझणीत नको, वाळत घातलेल्या दोरीसारखी लोंबती तर मुळीच नको. फार ताणली तर चाक जड होते आणि कप्प्या झिजतात. सैल राहिली तर लाटेच्या एका धक्क्यात क्वाड्रंटच्या खाचेतून उडते.

इंजिनाच्या दांड्यांच्या केबल सगळ्यात दुर्लक्षित. ज्याने स्कूटरची क्लच केबल ऐन चौकात तुटलेली अनुभवली आहे, त्याला वेगळे सांगायला नको. दांडा हळूहळू जड होत जातो, माणसाचा हातही हळूहळू अधिक जोर लावायला शिकतो, आणि जड झाल्याचे ध्यानातच येत नाही. बाहेरचे आवरण फुगले, चिरले किंवा कुठे दुमडले असेल तर आत खारे पाणी शिरलेच म्हणून समजावे. अशा केबलमध्ये तेल सोडून वेळ मारून नेण्यापेक्षा ती बदलणे स्वस्त पडते. धक्क्याला लागताना गिअर मागे पडला नाही, तर काय काय मोडते याचा हिशेब केला म्हणजे पटते.

राहिला खांब स्वतः. तो बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा आणि त्याचे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात शेजारी आले की एक दुसऱ्याला खातो, आणि इथे बळी जातो अ‍ॅल्युमिनियम. रंगाला फोड येतात, बोल्टभोवती पांढरी भुकटी जमते. वरून नवा रंग लावला की खांब देखणा होतो, रोग आत तसाच राहतो. वादळात तोल गेलेला माणूस आधाराला पहिल्यांदा हाच खांब धरतो, म्हणून त्याच्या बुडाशी असलेले बोल्ट एकेक काढून पाहण्याचा कंटाळा करू नये.

तारिणीला लागलेली ठेच

म्हादेईनंतर दिवाडीच्या त्याच कारखान्यात तिची धाकटी बहीण झाली. तिचे नाव 'तारिणी', ओडिशातल्या तारातारिणीवरून ठेवलेले. फेब्रुवारी २०१७मध्ये ती नौदलात आली आणि १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन निघाली. कप्तान वर्तिका जोशी, बरोबर प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. पॅसिफिकमध्ये त्यांनी दहा मीटरपर्यंत उसळणाऱ्या लाटा पाहिल्या. १९ जानेवारी २०१८ रोजी केप हॉर्न ओलांडले. ज्या टोकाच्या नावाने खलाशी शेकडो वर्षे धसका घेत आले, ते मागे पडले. केपटाऊनही झाले. आता उरला फक्त घरचा रस्ता.

आणि या शेवटच्या टप्प्यात सुकाणूची यंत्रणा बिघडली. ठरलेल्या कार्यक्रमात नसलेले मॉरिशसचे पोर्ट लुई बंदर गाठून दुरुस्ती करावी लागली. २१ मे २०१८ रोजी तारिणी गोव्याला पोचली, तेव्हा २५४ दिवस झाले होते. बातम्यांत केप हॉर्न मोठ्या अक्षरांत आले, पोर्ट लुई एखाद्या ओळीत. पण नौकानयन जाणणाऱ्याला ती एक ओळ अधिक बोलते. जगातला सर्वांत वाईट समुद्र सोसलेल्या यंत्रणेने परतीच्या वाटेवर दम सोडला. थकवा असाच साठत जातो, आणि तो दाखवायला सर्वांत मोठ्या लाटेची वाट बघत नाही.

सुकाणूने दगा देणे ही या क्षेत्रात नवलाची गोष्ट नाहीच. मुंबईत सागवानी लाकडातून बांधलेल्या 'सुहेली' या ३२ फुटी नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९मध्ये जगातली पहिली विनाथांबा एकल प्रदक्षिणा केली. वाऱ्याच्या जोरावर आपोआप दिशा धरणारे त्यांचे यंत्र ऑस्ट्रेलियापर्यंतच टिकले. उरलेली अर्धी पृथ्वी त्यांनी शिडे जुळवून आणि हाताने सुकाणू धरून ओलांडली. दोंदे यांनी आपल्या सफरीपूर्वी याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्या चमूबरोबर काम करून धडे घेतले होते. अभिलाष टॉमी २०२२-२३च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले, तेव्हा दिशा धरणाऱ्या यंत्राचा मोडलेला भाग दुरुस्त करायला त्यांनी नौकेतल्या शौचालयाचे दार कापले होते. दार नसले तरी चालते, सुकाणूशिवाय चालत नाही. एकटा माणूस असल्यावर तर दाराची अडचण मुळातच कमी!

तारिणीची गोष्ट मात्र मॉरिशसला संपली नाही. २ ऑक्टोबर २०२४ रोजी ती पुन्हा गोव्याहून निघाली. या वेळी चालवणाऱ्या दोघीच, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा अळगिरीसामी. नौका आता साडेसात वर्षांची झाली होती आणि माणसे सहाऐवजी दोन, म्हणजे काही मोडले तर एकीने चाक सांभाळायचे आणि दुसरीने खाली उतरायचे. तिसरा हात नाही. फ्रिमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन अशा त्याच जुन्या वाटेने, पंचवीस हजारांहून अधिक सागरी मैल कापून त्या २९ मे २०२५ रोजी परत आल्या. बंदरातले दिवस प्रेक्षणीय स्थळे पाहण्यात जात असतील, असे घरी बसलेल्यांना वाटते. प्रत्यक्षात रसद भरणे आणि नौकेची डागडुजी यांतच त्यातले बरेचसे सरतात.

दर लांबच्या सफरीआधी बंदरातच करून पाहायची आणखी एक गोष्ट असते. चाकाची यंत्रणा पूर्ण बंद पडली, तर सुकाणूच्या दांड्यावर थेट बसवायचा एक आपत्कालीन लोखंडी दांडा नौकेत ठेवलेला असतो. पुष्कळ जुन्या नौकांत तो कारखान्यातून निघाल्यापासून कपाटात तसाच पडून राहतो. पहिल्यांदा बाहेर काढला जातो तो अडचणीच्या रात्री, आणि तेव्हा ध्यानात येते, की डेकवरचे झाकण गंजून बसले आहे, किंवा दांडा पुरता वळण्याआधीच चाकाच्या खांबाला अडतो आहे. म्हणून शांत पाण्यात चाक बाजूला ठेवून, दांडा लावून, तासभर नौका चालवून पाहायची. कोकणातल्या तांडेलाला त्यात नवे काही वाटणार नाही. तो आयुष्यभर दांडाच धरत आला आहे.

दिवाडीला जायचे तर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. भिजायची तयारी असेल तर ऑगस्टमध्ये बोंदेराला. नौका बांधण्याच्या जागी आत जायचे झाल्यास आधी परवानगी घेणे बरे. संध्याकाळी परतीची फेरीबोट धरावी आणि गर्दीतून वाट काढत चालकाच्या केबिनखाली उभे राहावे. भरतीचे पाणी आत येत असते, बोट प्रवाहात तिरकी होते, आणि वर बसलेला माणूस काही न बोलता चाक दोन बोटे इकडे, दोन बोटे तिकडे फिरवतो. जुन्या गोव्याचा धक्का जवळ येतो, लोखंडी फळी खणकन खाली पडते आणि स्कूटर सुरू होतात.